सहा आठवडे आराम केला, तिसऱ्या दिवशी गुडघा पुन्हा तिथेच

पत्र थोडक्यात: वाचक २१ वर्षांची आहे, सात वर्षं व्हॉलीबॉल खेळते, टीममध्ये स्पायकर आहे, म्हणजे उंच उडी घेऊन बॉल मारणारी. आठ महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय. आधी फक्त मॅचच्या दुसऱ्या दिवशी दुखायचं, आता जिना उतरतानाही कळ येते. पहिल्या डॉक्टरांनी सहा आठवडे पूर्ण आराम आणि गोळ्या दिल्या, दुखणं गेलं, पण प्रॅक्टिस सुरू केल्यावर तिसऱ्याच दिवशी गुडघा होता तिथे आला. मग एमआरआय झाला, त्यात 'पटेलर टेंडिनोसिस, पार्शल टेअर' (वाटीला नडगीशी जोडणारा चिवट दोर, म्हणजे टेंडन, बिघडलाय आणि थोडा फाटलाय) आणि 'मिनिस्कसमध्ये ग्रेड २ सिग्नल' (मिनिस्कस म्हणजे गुडघ्याच्या सांध्यातली कूर्चेची गादी) असं लिहून आलंय. त्यावर एकाने स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, दुसऱ्याने पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून तयार केलेलं इंजेक्शन), तिसऱ्याने उड्या कायमच्या बंद करायला सांगितल्या. कोच म्हणतात टेप लाव आणि खेळ, दुखतं सगळ्यांचंच. घरचे म्हणतात पाय आयुष्याचा जाईल. निवड चाचणी दहा आठवड्यांवर आहे. तिचा प्रश्न: "इंजेक्शन घेऊन चाचणी देऊ की खेळ सोडून देऊ? आणि खेळताना टेंडन पूर्ण तुटला तर?"

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले. आठ महिन्यांत चार जणांनी चार उपाय सांगितलेत, पण कुणी तुझ्या गुडघ्याला हात लावला, तुला एका पायावर खाली बसून दाखव म्हटलं, नेमकं कुठे दुखतं ते बोटाने दाखव म्हणून विचारलं, असं अख्ख्या पत्रात कुठेच नाही. झालंही असेल आणि तू लिहिलं नसशील, पण सहसा जे पटलेलं असतं ते माणूस लिहितोच, आणि तू अख्खा एमआरआयचा रिपोर्ट शब्द न शब्द उतरवून काढलायस. म्हणजे तुझ्या डोक्यात दुखणं म्हणजे तो रिपोर्ट असं पक्कं बसलंय. माझं तुझ्याशी पहिलं भांडण तिथेच आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर खेळाडूंचीच दुखणी बघते, पण तुझा गुडघा मी बघितलेला नाही, त्यामुळे इथे लिहितेय ते तुला तपासणाऱ्या माणसाशी बोलायला उपयोगी पडावं म्हणून, तपासणीऐवजी नाही.

कुणी गुडघा घेऊन आलं की मी आधी एवढंच म्हणते, एका बोटाने दाखव. वाटीच्या मागचं दुखणं असेल तर माणूस अख्खा पंजा गुडघ्यावर गोल फिरवतो, इथे इथे सगळीकडे म्हणतो. जंपर्स नी म्हणजे वाटीखालच्या टेंडनचं दुखणं असेल तर बोट सरळ वाटीच्या खालच्या टोकावर जाऊन टेकतं, नखाएवढी जागा असते, आणि पुन्हा पुन्हा विचारलं तरी बोट तिथेच जातं. मग मी त्याला २५ अंशांच्या उतरत्या फळीवर उभं करते, टाच वर आणि बोटं खाली, आणि त्या पायावर हळूहळू अर्धं बसायला लावते. दोन पायांवर बसताना दुखणं दोन, एका पायावर चार, उडी मारल्यावर सहा, पण जागा तीच नखाएवढी, असं असेल तर टेंडनवर संशय पक्का होत जातो. भार वाढला की दुखणं वाढतं पण पसरत नाही ही त्याची खूणच आहे. नुसतं बोटाने दाबून दुखलं तर त्यावर मी फार विसंबत नाही, कारण उड्या मारणाऱ्या कितीतरी धडधाकट खेळाडूंना तिथे दाबलं तर दुखतं.

तू लिहिलंयस ना की सुरुवातीला मॅचच्या दुसऱ्या दिवशी दुखायचं? आणि वॉर्मअप झाला की बरं वाटतं पण रात्री बसून उठलं की पाय आखडतो? ही दोन वाक्यं माझ्यासाठी त्या रिपोर्टपेक्षा मोठी आहेत. गरम झाल्यावर कमी होणारं आणि दुसऱ्या दिवशी व्याज वसूल करणारं दुखणं, एका जागी, भाराबरोबर चढणारं, एवढ्या सगळ्या गोष्टी टेंडनकडेच बोट दाखवतात. आणि तू काही एकटी नाहीस. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंवरचा २००५ चा एक अभ्यास आहे, त्यात व्हॉलीबॉलवाल्यांपैकी जवळपास ४५ टक्के आणि बास्केटबॉलवाल्यांपैकी ३२ टक्के जणांना हेच दुखणं तेव्हा होतं. तुझ्या कोचचं 'सगळ्यांचंच दुखतं' हे त्या अर्थाने खरं आहे, पण म्हणून टेप लावून विसरून जावं असा त्याचा अर्थ होत नाही, त्याकडे येतेच.

पण आधी काही प्रश्न, ज्यांची उत्तरं 'हो' असतील तर खालचं सगळं बाजूला ठेव आणि आधी अस्थिरोग किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा. पाय पिरगळून आतून 'टक्' असा आवाज आला आणि तास-दोन तासांत गुडघा फुगला असं कधी झालंय का? तसं असेल तर एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला सांधा धरून ठेवणारा मुख्य बंध, तपासायलाच हवा. गुडघा अडकतो का, म्हणजे सरळच होत नाही असं? चालता चालता पाय दगा देतो का? पूर्ण सांधा सुजतो का? कारण या टेंडनच्या दुखण्यात सांध्यात पाणी सहसा साठत नाही. रात्री झोपेतून जाग येईल असं ठणकतं का, ताप येतो का? आणि एक प्रश्न जो मुलींना कुणी विचारतच नाही, पाळी नियमित येते का? तीन महिने पाळी चुकली असेल आणि तू कमी खाऊन जास्त ट्रेनिंग करत असशील तर दुखणं टेंडनचं असो की हाडाचं, भरून यायला शरीराकडे शिल्लकच नसते. ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड्स हे नाव दिलं, आणि ती मुलांमध्येही होते. हे लाजण्यासारखं अजिबात नाही, तपासणाऱ्याला स्वतःहून सांग.

आता तो रिपोर्ट. 'ग्रेड २ सिग्नल' हा शब्द वाचून तू घाबरलीस, मिनिस्कस फाटला असं तुला वाटलं. ग्रेड १ आणि २ म्हणजे मिनिस्कसच्या आत एक फिकट रेघ दिसतेय जी त्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही, त्याला फाटणं म्हणत नाहीत. तुझं दुखणं सांध्याच्या फटीत नाही, गुडघा अडकत नसेल तर त्या ओळीवर काट मार. राहिला 'पार्शल टेअर'. टेंडनचा थोडा भाग बिघडला की तिथले धागे विस्कटतात, मध्ये पाणी धरतात, आणि फोटोत ती जागा फाटल्यासारखी दिसते, खरी चीर आणि बिघडलेला भाग यांत फरक करणं रिपोर्ट वाचणाऱ्यालाही अवघड जातं. आणि फोटोत बिघाड दिसणं आणि दुखणं या दोन गोष्टी हातात हात घालून चालत नाहीत. २००३ चा एक छोटा पण मला फार आवडणारा अभ्यास आहे, टेनिस आणि बेसबॉलसारखे हात डोक्यावरून फिरवायचे खेळ खेळणारे २० जण घेतले, एकाचाही खांदा दुखत नव्हता, एमआरआय काढला तर ८ जणांच्या खेळायच्या खांद्यात रोटेटर कफचा, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचा, टेंडन कमीजास्त फाटलेला दिसला. पाच वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हाही त्यांतल्या कुणाला त्रास नव्हता. त्या वीस जणांतल्या एखाद्याला तेव्हा दुसऱ्याच कारणाने खांदा दुखला असता तर रिपोर्ट पुढे आला असता आणि त्या 'टेअर'वर उपचार सुरू झाले असते!

एमआरआय वाईट असं म्हणत नाही मी. एसीएल, हाडातला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर, अडकणारा मिनिस्कस, अशा वेळी त्याच्यासारखं साधन नाही. पण आधी हाताने तपासून एक संशय तयार हवा आणि मग त्या संशयाला विचारायला फोटो हवा, उलट क्रमाने गेलं की फोटोत जे दिसेल तेच आजार होऊन बसतं.

दुसरं भांडण आरामाशी. तू सहा आठवडे प्रामाणिकपणे बसलीस आणि तिसऱ्या दिवशी दुखलं म्हणून तुला वाटतंय की आराम कमी पडला, आता तीन महिने बसावं. खरं सांगते, सुरुवातीची काही वर्षं मीही खेळाडूंना हेच सांगायचे, आधी पूर्ण बरं होऊ दे मग खेळ, आणि ते बरे होऊन जायचे आणि महिन्याभरात परत यायचे, तोंड पाडून, जणू त्यांचंच काही चुकलं. चुकायचं माझं. आराम केला की दुखणं शांत होतं कारण टेंडनला कुणी काही मागतच नाही. पण त्या सहा आठवड्यांत मांडीचा स्नायू बारीक होतो, टेंडनची ताण सोसायची ताकद आणखी उतरते, आणि तू परत येतेस ती आधीच्याच संख्येने उड्या मारायला. म्हणजे मागणी तेवढीच आणि ताकद आधीपेक्षा कमी.

टेंडनमधला तो बिघडलेला भाग आराम केल्याने पुन्हा नवा होत नाही हे का, त्याची एक गोष्ट सांगते. १९५५ ते १९६३ च्या दरम्यान उघड्यावर अणुचाचण्या झाल्या त्यामुळे हवेतला कार्बन-१४ खूप वाढला आणि मग हळूहळू उतरला, त्या काळात वाढलेल्या प्रत्येकाच्या शरीरात त्याची नोंद राहिली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये माणसांच्या टाचेच्या टेंडनमध्ये, म्हणजे अकिलीसमध्ये, तो कार्बन मोजला आणि दिसलं असं की टेंडनचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. स्नायूंमध्ये मात्र तसं नव्हतं, ते सतत नवे होत होते. अभ्यास अकिलीसवरचा आहे, पण वाटीखालचा टेंडनही त्याच जातीचा, उड्यांचा ताण साठवून परत देणारा.

जाड दोरखंडातले चार पीळ सैल पडलेत असं समज. ते चार पीळ पुन्हा वळता येत नाहीत, पण बाकीचे शाबूत आहेत, आणि भार मिळाला की ते जाड आणि ताठ होतात आणि सगळं काम पेलतात. कित्येक खेळाडू पूर्ण बरे होऊन वर्षानुवर्षं खेळतात आणि त्यांचा एमआरआय पुन्हा काढला तर तो डाग तसाच असतो. म्हणून फोटो सुधारायची वाट बघू नकोस, आणि बरं वाटल्यावर खात्री म्हणून पुन्हा एमआरआय तर मुळीच काढू नकोस.

तिसरी गोष्ट जी तू गृहीत धरलीयस ती म्हणजे दुखलं की नुकसान झालं. टेंडनच्या बाबतीत थोडं दुखणं चालतं. किती चालतं त्याचा हिशोब असा, शून्य ते दहाच्या पट्टीवर व्यायाम करताना तीनपर्यंत ठीक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाच्या पातळीवर परत आलं पाहिजे. चोवीस तासांत उतरलं तर तो भार टेंडनला मानवला, नाही उतरलं तर जास्त झाला, पुढच्या वेळी थोडा कमी कर, एवढंच. बंद करायचं नाही. माझ्या अनुभवात बहुतेक खेळाडू इथेच गडबडतात, दुखतंय त्या क्षणाकडे बघतात आणि दुसऱ्या सकाळकडे बघतच नाहीत, त्यामुळे उत्साहात एका संध्याकाळी दोनशे उड्या होतात कारण त्या संध्याकाळी दुखत नसतं.

आता इंजेक्शन. डेन्मार्कमध्येच २००९ साली झालेल्या एका अभ्यासात या दुखण्याच्या पुरुष रुग्णांचे तीन गट केले, एकाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्याला उतरत्या फळीवरच्या उठाबशा, तिसऱ्याला जड वजनाचा सावकाश व्यायाम. बारा आठवड्यांना तिन्ही गट सुधारले होते. सहा महिन्यांनी इंजेक्शनवाले घसरले होते आणि जड वजनवाले टिकून होते. तुझी चाचणी दहा आठवड्यांवर आहे, म्हणजे इंजेक्शनचा मोह का होतो ते मला कळतं, दहा आठवडे तर ते पुरेल! पण दुखणं झाकलं जाईल, तू पूर्ण जोर लावशील, टेंडन तोच अशक्त, आणि स्टेरॉइडने टेंडनचे धागे आणखी कमजोर होतात ही भीती वेगळीच. निवड झालीच तर सीझन त्यानंतर सुरू होणार आहे हे विसरू नकोस. आणि एक नियमाची गोष्ट, २०२२ पासून वाडाच्या, म्हणजे खेळातल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या, यादीत स्टेरॉइड म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइडचं कुठलंही इंजेक्शन, अगदी सांध्यातलं किंवा टेंडनजवळचं असलं तरी, स्पर्धेच्या काळात बंद आहे, आणि औषधानुसार ते शरीरातून जायला किती दिवस लागतात ते वेगळं. ज्यांची डोप टेस्ट होऊ शकते अशा प्रत्येकाने सुई घेण्याआधी हे विचारायलाच हवं, देणाऱ्याला ते माहीत असेलच असं धरून चालू नये.

पीआरपीमध्ये आपलंच रक्त फिरवून प्लेटलेट्सचा भाग टोचतात. ऐकायला छान वाटतं. २०१९ मध्ये या दुखण्याच्या ५७ खेळाडूंवर दोन प्रकारचं पीआरपी आणि साधं सलाईन असं तपासलं, सगळ्यांना व्यायाम सारखाच, आणि पीआरपी सलाईनपेक्षा सरस ठरलं नाही. शॉकवेव्ह मशीनचंही सीझन चालू असलेल्या खेळाडूंमध्ये तसंच झालं, खोट्या मशीनइतकाच फरक. ऑपरेशनही २००६ मध्ये व्यायामाशी तोलून बघितलंय, वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच. म्हणजे सगळे रस्ते फिरून शेवटी व्यायामापाशीच येतात, तर आधीच तिथून का सुरू करू नये.

कुठला व्यायाम ते जरा सविस्तर सांगते कारण 'क्वॉड्स स्ट्रॉंग कर' एवढं सांगून काही होत नाही. पहिला टप्पा न हलता ताण देण्याचा. लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर गुडघा साधारण ६० अंशांत वाकवून वजन धरून ठेवायचं, ४५ सेकंद, मध्ये दोन मिनिटं थांबायचं, असं पाच वेळा. वजन असं की शेवटच्या दहा सेकंदांत मांडी थरथरली पाहिजे. मशीन नसेल तर गुडघ्यांमागून मजबूत पट्टा खांबाला अडकवून, नडगी उभी ठेवून, मागे बसायचं, त्याला स्पॅनिश स्क्वॉट म्हणतात. काही जणांचं दुखणं याने तिथल्या तिथे हलकं होतं, सगळ्यांचं होत नाही, नाही झालं तर निराश होऊ नकोस, पुढचा टप्पाच मुख्य आहे.

दुसरा टप्पा जड आणि सावकाश. लेग प्रेस, स्क्वॉट, लेग एक्स्टेन्शन, आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, चार सेट. पहिल्या आठवड्यात पंधरा वेळा जमेल एवढं वजन आणि मग वजन वाढवत आकडा कमी करत यायचं, बाराव्या आठवड्यापर्यंत सहा वेळाच जमेल एवढं जड. वरच्या अभ्यासातला क्रम हाच होता. मुली इथे वजन वाढवायला घाबरतात आणि त्यांना वजन वाढवू न देणारेही भेटतात, गुलाबी डंबेल हातात देऊन वीस-वीस वेळा करून घेतात, त्याने टेंडनला काहीच निरोप जात नाही. एक दिवसाआडच का, तर जोराच्या व्यायामानंतर पहिला दिवस-दीड दिवस टेंडनमधलं कोलाजेन घडतं त्यापेक्षा मोडतं जास्त, मग बाजू पलटते, आणि रोज ताण दिला तर घडायची पाळी येतच नाही. उड्यांनाही हाच हिशोब लागू आहे आणि तुझ्या टीमचं वेळापत्रक बहुधा नेमकं याच्या विरुद्ध असेल.

याच जोडीला पोटरी आणि खुबा, दोन्हीकडे बघून घे. आणि घोटा किती वाकतो तेही, भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लाव, दोन्ही पायांत फरक किती ते बघ, घोटा कडक असेल तर लॅंडिंगचा सगळा मार गुडघ्यावर येतो.

तिसरा टप्पा उड्यांचा. एका पायावर शरीराच्या बऱ्यापैकी वजनाने लेग प्रेस सहज जमायला लागला, दोन्ही मांड्यांच्या ताकदीतला फरक दहा टक्क्यांच्या आत आला आणि फळीवरची अर्धी बैठक तीनच्या आत दुखायला लागली की मग. आधी दोन पायांवर लहान उड्या, मग एका पायावर, मग अप्रोच घेऊन म्हणजे धावत येऊन, आणि दर तिसऱ्या दिवशीच. मोजून. व्हॉलीबॉलमध्ये बॉल मोजतो तशा उड्या मोजायच्या, कुणालातरी कागद-पेन घेऊन बाजूला बसव. त्यानंतर पूर्ण खेळ.

नेदरलँड्समध्ये २०२१ साली अशाच टप्प्याटप्प्याच्या व्यायामाची ७६ खेळाडूंवर चाचणी झाली, जुन्या पद्धतीच्या दुखऱ्या उठाबशांपेक्षा तो चांगला ठरला, पण २४ आठवड्यांनंतरसुद्धा आपल्या आधीच्या पातळीवर परतलेले निम्म्याहून कमी होते. हा आकडा मी मुद्दाम सांगतेय. कुणी तुला सहा आठवड्यांत ठणठणीत करून देतो म्हणालं तर हा आकडा आठव. या दुखण्याला सहा महिने धरून चालायचं, त्याहून लवकर झालं तर आनंद.

मग चाचणीचं काय? तू दोनच दारं ठेवलीस, सुई टोचून जा किंवा खेळ सोड. तिसरं दार असं की दहा आठवड्यांत पूर्ण बरी होणार नाहीस हे मान्य करून, आज आहेस त्यापेक्षा ताकदवान होऊन चाचणीला जायचं. आजपासून प्रॅक्टिस बंद करू नकोस, उड्या कापायच्या. रिसीव्ह, डिफेन्स, जमिनीवरून सर्व्ह, हे सगळं चालू ठेव, ब्लॉक आणि स्पाइक आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन पूर्ण दिवस मोकळे. जड व्यायाम आजपासून. सहाव्या आठवड्यात थांबून बघ, सकाळचा आकडा उतरतोय का. उतरत असेल तर चाचणीच्या दिवशी टेप किंवा वाटीखालचा पट्टा लावून खेळ, त्याने त्या दिवसापुरतं दुखणं कमी होतं, तेवढ्यासाठी तो चांगलाच आहे, आणि कोचचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. आकडा चढत असेल, रोजचा जिनाच उतरवत नसेल, तर ही चाचणी सोड. ही चाचणी, खेळ नव्हे. सात वर्षं खेळलीस, वय २१ आहे. मला माहितीये तुझ्या वयात एक सीझन म्हणजे सगळं आयुष्य वाटतं आणि ते वाटणं खोटं नाही, पण अर्ध्या पायावर निवड होऊन अख्खा सीझन बाकावर काढलेल्या मुली मी बघितल्यात आणि त्यांचं दुःख जास्त वाईट होतं. आणि रोज गोळी खाऊन कोर्टवर उतरणं मात्र नको. गोळीने तीनचा आकडा एक दाखवतो आणि तू ज्या एका खुणेवर सगळं ठरवणार आहेस तीच खोटी होते.

टेंडन तुटण्याची भीती तू शेवटच्या ओळीत घाईघाईत लिहिलीस पण मला वाटतं रात्री झोप उडवणारी गोष्ट तीच आहे. तरुण, निरोगी खेळाडूत वाटीखालचा टेंडन अख्खा तुटणं दुर्मिळ आहे, तुझ्यासारखं दुखणं असणाऱ्यांतही. जी गोष्ट धोका वाढवते ती म्हणजे टेंडनमध्ये किंवा जवळ घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि आणखी एक जी कुणी सांगत नाही, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन या गटातली अँटिबायोटिक्स. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यांच्यावर टेंडनसाठी सर्वांत कडक इशारा छापायला लावला. लघवीचा किंवा पोटाचा संसर्ग झाला आणि डॉक्टर लिहायला लागले तर मी खेळाडू आहे, टेंडनचा त्रास आहे, दुसरं चालेल का, एवढं विचार. घरच्यांनाही हेच सांग, जड व्यायाम ऐकून ते दचकतील, पण पाय आयुष्याचा जाण्याची भीती ज्या गोष्टीने कमी होते ती हीच आहे.

कोचशी बोलायला तुला अवघड जातंय असं दिसतं. "दुखतंय" असं सांगू नकोस, त्यावर सगळ्यांचंच दुखतं हे उत्तर ठरलेलं आहे. आकडे घेऊन जा. गेल्या आठवड्यात इतक्या उड्या झाल्या, दुसऱ्या सकाळी दुखणं पाच होतं, या आठवड्यात निम्म्या केल्या तर तीन झालं, मला आठवड्यात दोन दिवस उड्यांचे द्या, बाकीचे दिवस मी रिसीव्हला उभी राहते. कोच लोकांना आकड्यांची भाषा कळते आणि बहुतेकांना आपली स्पायकर सीझनभर हवी असते.

इथे दुसऱ्या वाचकांना थांबवते, कारण हे वाचून कुणीतरी भलत्याच दुखण्यावर वजन उचलायला लागेल. हे सगळं टेंडनसाठी आहे. धावणाऱ्यांनो, नडगीच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागी दुखत असेल, धावताना वाढत जात असेल, त्या पायावर टुणकन उडी मारली की कळ जात असेल तर तो हाडाचा स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतो, तिथे 'तीनपर्यंत चालतं' हा नियम लागत नाही, तिथे थांबायचं. मांडीच्या सांध्यात खोल जांघेत दुखणं, पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध दुखणं, नडगीच्या पुढच्या कडेवर दुखणं, या तीन जागी हाड नीट जुळत नाही म्हणून तिथे एक दिवसही अंगावर काढू नका. घोटा मुरगळला आणि लगेचही आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्हीकडच्या हाडांपैकी एकाच्याही मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढा, नसेल तर बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही, हा कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये घालून दिलेला साधा नियम आजही जगभर वापरतात. आणि १२-१४ वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखत असेल तर खुबाही तपासायला सांगा, त्या वयात खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं आणि ते चुकलं तर महागात पडतं. वाटीखाली नडगीच्या वर टेंगूळ आलं असेल तर ते बहुधा वाढीचं दुखणं असतं, घाबरू नका, उड्या कमी करा.

तर तुझं काम. उद्या सकाळी उठल्यावर, दात घासायच्या आधी, उजव्या पायावर उभी राहा, एका हाताने भिंत धर, हळूच अर्धी खाली बस आणि शून्य ते दहात किती दुखलं तो आकडा वहीत लिही, बाजूला आदल्या दिवशीच्या उड्या. रोज. चौदा दिवस झाले की ती वही घेऊन अशा माणसाकडे जा जो खेळाडूंना हाताने तपासतो, रिपोर्ट बॅगेतच राहू दे, त्याने मागितला तर काढ. त्याने आधी गुडघ्याकडे बघितलं तर तिथे थांब. आणि चौदा दिवसांचे ते आकडे मलाही पाठव, मी वाट बघते.